पाचव्या नावानंतर

आत्याबाई,

काल सव्वीस जुलै होती. तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले होते, आणि तुमच्याशिवायची ही पहिलीच सव्वीस जुलै. तुम्ही असता तर सकाळी सातलाच पांढरं पातळ काढून खाटेवर ठेवलं असतंत आणि दिवसभर कुणाशी न बोलता लसूण सोलत बसला असता. काल मी लसूण सोलला. वाटीभर झाला. त्याचं काय करायचं ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, म्हणून तो अजून तसाच पडलाय.

सोनी म्हणाली, "मम्मी, आजीशी बोलायचंय ना, मग लिही. तोंडानं तू बोलणार नाहीस." पोरगी तुमच्या वळणावर गेलीय. माणूस कुठं अडलाय ते तिला बरोबर दिसतं. वीस वर्षं एका खोलीत राहून आपण दोघींनी जे बोललो नाही, ते आता कागदावर उतरवायचं म्हणजे वरातीमागून घोडं. तरी लिहिते.

काल सगळं दरवर्षीसारखंच झालं. साळवेकाकांनी सकाळी विहाराच्या भिंतीवरची निळी रेष ऑइलपेंटनं पुन्हा ओढली. वीस वर्षांपूर्वीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची ती रेष. पहिल्या वर्षी ती माझ्या डोक्याच्याही वर वीतभर होती, आठवतं? आता छातीला लागते. रेष खाली आलेली नाही, रस्ता वर गेला. दर दोन-चार वर्षांनी काँक्रीटचा एकेक थर चढत गेला आणि आपली चाळ तेवढी जिथल्या तिथं राहिली. आता घरात शिरायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. तुम्हाला शेवटचं बाहेर काढलं तेव्हा पोरांना तिरडी वर उचलून घ्यावी लागली. कुणीतरी म्हणालं, "सांभाळून, म्हातारीला वर घ्या." मला त्या वेळीही वाटलं, चला, एक जण तरी या खड्ड्यातून वर गेलं.

पाचच्या सुमाराला माणसं जमली. बदलापूरला, पालेगावला टॉवरमध्ये गेलेली मंडळी रिक्षा करून आली. पांढरे कपडे, हातात मेणबत्त्या. नगरसेवकाचा फ्लेक्स याही वर्षी होता, भावपूर्ण श्रद्धांजली म्हणून, आणि त्याच्यावर त्याचाच फोटो सगळ्यात मोठा. तुम्ही दरवर्षी म्हणायचा, "ह्यो कधी गेला म्हणायचा?" काल ते म्हणायला कुणी नव्हतं. मीच मनात म्हटलं आणि हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईट वाटलं.

मग त्रिशरण, पंचशील झालं. मग साळवेकाकांनी खिशातून यादीचा कागद काढला. वालधुनी नदीनं त्या दिवशी आपल्या वस्तीतून जे नेले त्यांची नावं. आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित म्हणतात. एकेक नाव घ्यायचं, कालकथित अमुक, कालकथित तमुक, आणि प्रत्येक नावाला त्या घरातल्या माणसानं एक मेणबत्ती रेषेखाली लावायची. पाच नावं झाली की काका थांबतात. कागदावर तिथं एक ओळ रिकामी सोडलेली आहे. सगळे माना खाली घालतात. दोन श्वास जातात, मग सहावं नाव येतं. नवीन पोरांना वाटतं, काकांना दम लागतो.

तो थांबा तुमचा होता. पहिल्या वर्षी काकांनी पाचव्या नावानंतर तुमच्या लेकाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तशा तुम्ही उठलात आणि कागदावर हात ठेवलात. "एवढं नाव न्हाई वाचायचं. मढं दावा, मग वाचा." कुणाची टाप नव्हती तुमच्यापुढं बोलायची. काका बिचारे बौद्धाचार्य, लग्नं लावणारे, मयताचं पुण्यानुमोदन करणारे, पण तुमच्यापुढं त्यांचंही काही चाललं नाही. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, निदान जलदान तरी करून घ्या, त्याच्या जिवाला बरं. त्यांना तुम्ही म्हणालात, "ज्याला पाण्यानं नेलं म्हणता, त्यालाच वर पाणी देता?"

हे गेले त्या दिवसापासून मी त्या रिकाम्या ओळीत राहिले, आत्याबाई. विधवा नाही, सवाष्ण नाही. मतदारयादीत यांचं नाव तसंच. जनगणनेवाला आला तर तुम्ही पुढं होऊन सांगायचा, "कामावर गेलाय." तो विचारायचा, कधी येणार? तुम्ही म्हणायचा, "आला की धाडते तुझ्याकडं." सात वर्षांनी वकिलानं सांगितलं की आता कोर्टातून मृत्यूचा कागद निघतो. मी घरी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही सरळ दार रंगवायला काढलंत. तोच पोपटी हिरवा. दाराचा रंग बदलला तर त्याला घर सापडायचं नाही, म्हणून दर दिवाळीला तोच डबा. दुकानदारानं तो रंग ठेवणं बंद केलं तेव्हा तुम्ही कॅम्पात, जिच्याकडं स्वयंपाकाला जायचा त्या भाभीच्या ओळखीनं तीन दुकानं पालथी घातलीत. मला त्या दाराची शिसारी आली होती, हे आज सांगून टाकते.

आणखी एक सांगते. मी एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तिथं एक सुपरवायझर होते. चांगला माणूस. बायको वारलेली. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सरळ विचारलं. मी म्हटलं, माझे मिस्टर आहेत. ते म्हणाले, "कुठं आहेत?" मी डबा बंद केला. ते मला आवडले होते, आत्याबाई. त्या दिवशी घरी आले तर तुम्ही माझ्यासाठी मेथीची भाजी करून ठेवली होती आणि सोनीचा अभ्यास घेत बसला होतात, स्वतःला वाचता येत नसताना. पुस्तक उलटं होतं. तुमच्यावर चिडायलाही तुम्ही जागा ठेवली नाहीत.

एवढं मात्र कबूल करायला हवं, की तुम्ही मला कुणापुढं वाकू दिलं नाहीत. शेजारच्या लग्नात हळदीला मी मागं उभी राहिले की तुम्ही हात धरून पुढं आणायचा. कुणी कुजबुजलं तर मोठ्यानं, "हिचा नवरा भाईर गेलाय. लावा हिला हळद." आणि पहिलं बोट तुम्हीच लावायचा. मला तेव्हा वाटायचं, ही बाई मला हळद नाही, बेडी घालतेय.

आपलं शेवटचं भांडण सोनीच्या पत्रिकेवरून झालं, चार महिन्यांपूर्वी. दिवाळीनंतर तिचं लग्न. तिनं मोबाइलवर पत्रिकेचा नमुना आणला आणि विचारलं, "मम्मी, पप्पांच्या नावाआधी काय टाकू? कालकथित टाकू का नुसतं नाव? प्रिंटिंगवाला पूछ रहा है." मी म्हटलं, टाक कालकथित. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होतात. मला वाटलं झोपलात. तुम्ही तशाच म्हणालात, "माझ्या लेकाला छापून मारू नगा."

मी त्या दिवशी खूप बोलले. म्हटलं, तुमचा लेक गेला, पण आम्हाला तुम्ही जिवंत पुरलंत. सोनीला बापाचा फोटो भिंतीवर लावता येत नाही, कारण फोटो लावला की हार आला. तिनं बदलापूरला घर बघितलंय, मला चल म्हणतेय, आणि मी या खड्ड्यात तुमच्या दाराची राखण करत बसलेय. त्यांना यायचं असतं तर आले असते. तुम्ही उठलात आणि मला चहा दिलात. तो चहा मी घेतला नाही. पुढं तुम्ही अंथरुणाला खिळलात, मी तुमचं सगळं केलं, न्हाऊ घातलं, भरवलं, पण पत्रिकेचा विषय दोघींनी परत काढला नाही. तीन जुलैला दुपारचा चहा घेऊन तुम्ही कुशीवर वळलात आणि संपलं. मी बराच वेळ तुम्ही माझ्यावर रुसलाय असंच समजत होते.

तुमच्यानंतर साळवेकाका परवा घरी आले. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर हात ठेवून उतरले. म्हणाले, "संगीता, बाई गेल्या. आता तू सांग. थांबायचं का वाचायचं?" वीस वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघितली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, बघू. काका म्हणाले, "सावकाश सांग," आणि गेले. मी दाराशी बसून राहिले. बघू का म्हटलं ते मला ठाऊक होतं. त्यामागचं कारण तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मी परवापर्यंत धरून चालले होते.

पुराच्या दिवशी दुपारी पाणी उंबऱ्याला लागलं होतं, तुम्ही कॅम्पात भाभीकडं स्वयंपाकाला गेला होतात. सोनी दोन वर्षांची, माझ्या काखेत. हे घरी होते. म्हणाले, "पाणी जरा उतरू दे, मग आईला आणतो. भाभी तिला सोडायची नाही." बरोबरच बोलत होते. पण मी घाबरले होते आणि घाबरले की मी ओरडते, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, आईला आणल्याशिवाय या दारात पाऊल ठेवू नका. ते माझ्याकडं बघून हसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गेले. अर्ध्या तासानं तुम्ही रेल्वेच्या बाजूनं, रुळावरून चालत, एकट्याच घरी आलात. चिंब भिजलेल्या. आल्या आल्या विचारलंत, "तो कुठाय?" मी म्हटलं, तुम्हालाच बघायला गेलेत.

पुढं तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, "माझ्यासाठी गेला. आईसाठी जीव टाकायचा." मी खाली मान घालून ऐकत राहिले. कुणी पाठवलं ते मी कधी सांगितलं नाही. तुमच्या मनातला आईसाठी गेलेला लेक मला मोडायचा नव्हता, असं मी स्वतःला समजावायचे. खरं म्हणजे भीती वाटायची. ज्या बाईच्या घरात राहायचं, तिच्या लेकाला कुठल्या शब्दांनी घालवलं हे तिला कसं सांगायचं?

परवा संध्याकाळी कमलमावशी आली, आपल्या भिंतीपलीकडची. मी तिला काकांचा प्रश्न सांगितला. ती पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "संगे, एक सांगू का? तुझ्या सासूला म्हाईत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"तू दारात काय बोलली त्ये. मधी पत्र्याची भिंत, मला सगळं ऐकू आलं होतं. मीच बोलून बसले तिच्याजवळ, आठ दिवसाच्या आत. माझं तोंड मेलं." मावशी रडायला लागली. "मला वाटलं आता ही तुला घराभाईर काढती. तर मला म्हणली, कमळे, परत ह्ये तोंडातून काढू नको. आन् तो गेला असं कुणी म्हणायचं न्हाई. गेला म्हटलं की त्ये हिच्याच माथ्यावर येतंय. पोरगी वेडी व्हईल. त्यापरीस न्हाई गेला म्हणू. भाईर गेलाय म्हणू."

मावशी गेल्यावर मी तुमच्या खाटेवर बसले. आत्याबाई, मला तुमचा इतका राग आला की मी तुमची उशी भिंतीवर फेकली. मग उठून आणली आणि झटकून परत जागेवर ठेवली. तुम्ही मला सांगायला हवं होतं. एक दिवस, एक वेळ, भांडताना का होईना, म्हणायचं होतं की मला माहीत आहे, संगे. दहा बाय बाराची खोली. तुम्ही माझ्यापासून लपवत होतात आणि मी तुमच्यापासून, आणि लपवायचं ते एकच होतं. पत्रिकेच्या दिवशी मी तुम्हाला जिवंत पुरलंत म्हणाले, तेव्हा तुम्हाला केवढं सोपं होतं मला गप्प करणं. एका वाक्याचं काम होतं. तुम्ही चहा दिलात.

पण मग मी विचार करते की तुम्हाला तरी खात्री होती का? लेक येईल असं तुम्हाला खरंच वाटायचं, की फक्त माझ्यासाठी म्हणायचा? दाराचा रंग शोधत फिरायचा ते कुणासाठी? हे मला आता कधीच कळणार नाही. तुम्ही मला झाकलंत हे खरं. तुम्ही मला कोंडलंत हेही तितकंच खरं. दोन्हीला तुमचा तोच एक हात होता, आणि त्याच हातानं तुम्ही मला हळद लावायचा. मी तुमचे उपकार मानते आणि मला तुमचा राग येतो. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येईल असं मला वाटत नाही.

काल काकांनी पाचवं नाव घेतलं. त्या घरातल्या बाईनं मेणबत्ती लावली. काका थांबले. सगळ्यांनी सवयीनं माना खाली घातल्या. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत कुणीतरी मांडून ठेवली होती आणि तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. दोन श्वास झाले. काका कागदातून वर बघून माझ्याकडं बघत राहिले. मी उभी राहिले. म्हटलं, काका, मी घेते.

उभी तर राहिले, पण नाव तोंडातून निघेना. मी यांचं नाव आजवर एकदाच घेतलंय. आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा तुम्ही हिरव्या दारात दोन्ही हात आडवे लावून उभ्या होतात. तुम्हाला लेक नव्हती, म्हणून दार अडवायलाही सासूच. "नाव घे, मग आत." मागून बायका ओरडत होत्या, नाव घ्या, नाव घ्या. मी खाली बघत म्हटलं होतं:

नदीकाठचं घर, घराला हिरवं दार,
प्रकाशरावांचं नाव घेते, अडवू नका फार.

तुम्ही हात काढलात आणि म्हणालात, "न्हाई बाई अडवत. ये." काल मी सगळ्यांसमोर तशीच खाली बघत उभी राहिले. कितीतरी वेळ. पालेगावहून आलेल्या पोरी मोबाइल खाली करून बघायला लागल्या. सोनीनं माझा हात धरला. मग मागून कमलमावशीचा आवाज आला, रडवेला. "नाव घे, संगे."

मी म्हटलं, कालकथित प्रकाश.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सोनीनं मेणबत्ती लावली, रेषेच्या खाली, वीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरची. काकांनी खिशातून पेन काढलं आणि त्या रिकाम्या ओळीत लिहिलं. मग त्यांनी सहावं नाव घेतलं, लोक पुढं सरकले, आणि सगळं दरवर्षीसारखं चालू राहिलं. मला वाटलं होतं काहीतरी सुटेल. सुटलं नाही. मी जाऊन तुमच्या खुर्चीवर बसले.

घरी आले तेव्हा उजेड होता. रस्त्यावर उभी राहून मी आपलं दार वरून बघितलं. हिरवं, खाली, दोन पायऱ्यांच्या तळाशी. सोनी म्हणाली, "मम्मी, आता येशील ना माझ्याकडे?" मी हो म्हटलं. मग पायऱ्या उतरले, आणि दाराशी येऊन मला पाऊल आत टाकवेना. कारण मला आता ऐकू येत होतं ते माझंच वाक्य होतं, आईला आणल्याशिवाय या दारात पाऊल ठेवू नका. तेवढं त्यांनी पाळलं. आणि तुम्हाला तेवीस दिवसांपूर्वी मीच या दारातून पाठवलं.

भेटला असाल आता दोघं, तर त्यांना सांगा की संगीनं शब्द मागं घेतला. आईला घेऊनच या असं काही नाही, एकटे या, नाहीतर येऊ नका. दाराचा रंग मात्र मी यंदाच्या दिवाळीला देणार नाही. पत्रिकेवर कालकथित छापायला सांगितलंय, दोघांच्या नावाआधी. मी तुमच्या लेकाचं नाव दोनदा घेतलं, आत्याबाई. पहिल्यांदा तुमच्या घरात यायला घेतलं होतं. आता हात काढा, अडवू नका फार.

तुमची,
संगी